डार्क चॉकलेट खाल्लं की बीपी उतरतं का?

फेब्रुवारीच्या शेवटी मामांच्या शेडवर गेले होते. तासगाव तालुक्यात त्यांची थॉमसन द्राक्षांची बाग आहे आणि बागेला लागूनच बेदाण्याचं शेड. दोन रॅक भरून झाले होते, तिसऱ्यावर बायका माल पसरत होत्या. मामांनी हौदावर हात धुतले, बंडीच्या खिशातून चांदीच्या कागदात गुंडाळलेला काळा तुकडा काढला आणि त्यातला अर्धा मोडून माझ्यापुढे धरला.

"घे. सूनबाईनं पुण्यास्नं आणलंय. ह्यानं बीपी उतरतंय म्हणं."

मी तोंडात टाकला. चांगला होता. आधी कडवट, मागून थोडा आंबूस. तेवढ्यात रॅकच्या पलीकडून मामींचा आवाज आला, "अगं, ह्यांनी गोळी बंद केलीया. चॉकलेट खातोय की, मग गोळी कशाला, म्हणत्यात."

माझ्या पोटात धस्स झालं. संध्याकाळी घरी बीपी मोजलं तर वरचं १६४ आणि खालचं ९८. गोळी चालू असताना वरचा आकडा १३० च्या आसपास असायचा. गोळी बंद करून तीन आठवडे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना डॉक्टरांकडे नेलं, गोळी पुन्हा सुरू झाली. पण मामांच्या मनातला प्रश्न तसाच राहिला. 'डार्क चॉकलेट खा, बीपी उतरतं' असा त्यांच्या मोबाइलवर आलेला मेसेज खोटा होता का? चॉकलेटनं बीपी उतरतं की नाही?

मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही, म्हणूनच असे मेसेज फोफावतात. त्या मेसेजमध्ये एक कण खरा आहे. तो कण कुठला आणि त्याच्याभोवती काय काय चिकटलंय, हे मामांना मी ज्या पद्धतीनं सांगितलं तसंच इथे मांडते.

खरा कण

चॉकलेट ज्यापासून होतं ते कोकोचं झाड. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'थिओब्रोमा' या शब्दाचा अर्थ देवांचं अन्न. हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली दिलं. जगातला निम्म्याहून जास्त कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. आपल्याकडे केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत आंतरपीक म्हणून लावतात. फळ फोडलं की आत तीस-चाळीस बिया असतात आणि सीताफळासारखा पांढरा गर त्यांना चिकटलेला असतो.

त्या बीमध्ये फ्लॅव्हॅनॉल नावाची द्रव्यं भरपूर असतात. चहात, सफरचंदात, काळ्या द्राक्षाच्या सालीत आणि बीमध्येही ती असतात, पण कच्च्या कोकोच्या बीइतकी दाटीनं फार थोड्या ठिकाणी. त्यातलं आपल्या कामाचं मुख्य द्रव्य म्हणजे एपिकॅटेचिन.

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एक पातळ थर असतो, कोटाला अस्तर असावं तसा. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात तयार करतं. तो बाजूच्या स्नायूला 'सैल हो' असा निरोप देतो. स्नायू सैलावला की वाहिनी थोडी रुंद होते. मामांना मी ठिबकचं उदाहरण दिलं: मोटर तीच, पाणी तेवढंच, पण नळी रुंद घातली तर दाब उतरतो. एपिकॅटेचिनमुळे हा वायू वाढतो. हे रक्तवाहिन्यांवर प्रत्यक्ष मोजून पाहिलेलं आहे.

या विषयाकडे लक्ष वळलं ते पनामाजवळच्या सान ब्लास बेटांवरच्या कुना लोकांमुळे. हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांना दिसलं की बेटांवर राहणाऱ्या कुनांचं बीपी वय वाढलं तरी फारसं वाढत नाही, आणि तेच लोक पनामा शहरात राहायला गेले की इतरांसारखं वाढतं. म्हणजे हे रक्तातून आलेलं नव्हतं. बेटावरची माणसं मीठ काही कमी खात नव्हती. पण घरी कुटलेल्या कोकोचं पेय दिवसातून अनेक कप पीत होती. अर्थात ती मासे खात होती, चालत होती, वल्ही मारत होती आणि शहराच्या धकाधकीपासून लांब होती, हेही तितकंच खरं. आणि त्यांचा कोको दुकानातल्या बारसारखा नव्हता. इथूनच पुढची सगळी गोष्ट बदलते.

बीपासून बारपर्यंत काय होतं

इथं मामांना काही समजवावंच लागलं नाही, कारण हे त्यांचंच काम आहे. झाडावरचं द्राक्ष आणि पेटीतला बेदाणा या एकाच वस्तू आहेत का? आहेतही आणि नाहीतही. मधल्या प्रक्रियेनं काय कमवायचं आणि काय घालवायचं ते ठरतं. कोकोचंही तसंच आहे.

बिया गरासकट पाच-सात दिवस आंबवतात. त्या ढिगाचं तापमान पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत चढतं. चॉकलेटच्या वासाची सुरुवात इथे होते आणि फ्लॅव्हॅनॉलची पहिली घटही इथेच. मग उन्हात वाळवणं, मग भाजणं. भाजताना आणखी घट. टरफल काढून आतला मगज दळला की तो सरसरीत होतो, कारण त्यात निम्म्याहून जास्त स्निग्धांश असतो. ही कोकोची लगदी. ती दाबली की कोको बटर वेगळं निघतं आणि उरलेल्या पेंडेची पावडर होते. दाबून बटर काढायची युक्ती १८२८ साली नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटेन घराण्यानं आणली.

त्याच घराण्याची दुसरी युक्ती आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. कोको आंबूस-कडू असतो, पाण्यात नीट मिसळत नाही, रंगही फिकट तपकिरी. त्याला अल्कली लावली की आंबटपणा मरतो, कडूपणा मऊ होतो आणि रंग गडद, जवळजवळ काळा होतो. ही अल्कली म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशियम कार्बोनेट.

हे नाव ऐकून मामा ताठ बसले. "आपलं कार्बोनेट?" म्हणाले. होय, तेच. डिपिंग ऑइलबरोबर पाण्यात कालवून ज्यात आपण द्राक्षाचे क्रेट बुडवतो, तेच पोटॅशियम कार्बोनेट. आपण ते द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर मोडायला वापरतो, म्हणजे पाणी लवकर उडतं आणि बेदाणा हिरवट-पिवळा राहतो. कोकोत ते रंग काळा करायला आणि चव मवाळ करायला जातं. पण तिथे ते फ्लॅव्हॅनॉललाही मारतं. अमेरिकेत बाजारातल्या कोको पावडरी तपासल्या तेव्हा अल्कली न लावलेल्या पावडरीत ग्रॅममागे सरासरी ३५ मिलिग्रॅमच्या आसपास फ्लॅव्हॅनॉल सापडलं. हलकी अल्कली लावलेल्या पावडरीत १४ च्या जवळपास आणि जोरदार अल्कली लावलेल्या पावडरीत जेमतेम ४. दिसायला सगळ्यात काळी पावडर गुणात सगळ्यात रिकामी. म्हणून रंगावर जाऊ नका, हे मी प्रत्येकाला अगदी कळकळीनं सांगते. चॉकलेट जितकं काळं तितकं औषधी, ही समजूत घराघरात बसलेली आहे आणि ती चुकीची आहे.

टक्क्यांचंही तसंच. रॅपरवर ७० टक्के लिहिलेलं असतं म्हणजे वजनातला ७० टक्के भाग कोकोच्या बीपासून आलेला आहे: लगदी, पावडर आणि कोको बटर, सगळं मिळून. उरलेल्या ३० टक्क्यांत बहुतेक साखर. म्हणजे हा आकडा साखर किती ते बऱ्यापैकी खरं सांगतो, पण फ्लॅव्हॅनॉल किती ते सांगत नाही. दोन कंपन्यांचे ७० टक्क्यांचे बार घेतले तर एकात कोको बटर जास्त आणि दुसऱ्यात लगदी जास्त असू शकते. एकाचा कोको जपून भाजलेला, दुसऱ्याचा करपेपर्यंत. बेदाण्याच्या पेटीवर नुसतं 'बेदाणा, १५ किलो' लिहिलं तर सौद्यात कोणी भाव लावेल का? हात घालून, दाणा बघूनच बोली लागते. चॉकलेटच्या बाबतीत आपल्याला तो हात घालता येत नाही.

मग हातात काय उरतं? रॅपरच्या मागची बारीक अक्षरं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे जो घटक वजनानं सगळ्यात जास्त, तो यादीत सगळ्यात आधी छापावा लागतो. पहिला शब्द साखर असेल तर पुढे कितीही 'डार्क' लिहिलेलं असो, ते गोड खाऊच आहे. पहिली कोकोची लगदी हवी. तिला कोको मास किंवा कोको लिकर असंही म्हणतात. कोको बटरच्या जागी पामतेल किंवा हायड्रोजनेटेड वनस्पती तेल दिसलं तर ते कंपाउंड, म्हणजे चॉकलेटची स्वस्त नक्कल. केकवाल्यांकडे जे किलोवर मिळतं ते बहुतेक हेच. २०२४ च्या डिसेंबरात कोकोचा जागतिक भाव टनाला १२ हजार डॉलरच्याही वर गेला होता. त्यामुळे स्वस्तात मिळणाऱ्या 'डार्क'ची यादी तर दोनदा वाचावी.

आता बीपीचे आकडे

कोको आणि रक्तदाब यांवर झालेल्या ३५ चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेनं २०१७ मध्ये आढावा घेतला. अठराशेच्या वर माणसं, दोन ते अठरा आठवड्यांचा काळ. निष्कर्ष: बीपीच्या आकड्यात सरासरी घट पावणेदोनच्या आसपास. ज्यांचं बीपी आधीच वाढलेलं होतं त्यांच्यात ती ४ च्या जवळ गेली. ज्यांचं ठीक होतं त्यांच्यात जवळपास काहीच नाही. साधी एक बीपीची गोळी नेमानं घेतली तर वरचा आकडा आठ-दहानं उतरतो.

मामांचं बीपी १६४ होतं. त्यातून दोन वजा करा, हवं तर चार करा. काय राहिलं?

आणि ही घटसुद्धा दिवसाला सरासरी ६७० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल पोटात गेल्यावरची आहे. त्यासाठी अनेक चाचण्यांत खास जपून तयार केलेला, फ्लॅव्हॅनॉल मुद्दाम राखलेला कोको वापरला होता. साध्या दुकानातल्या बारमधून तेवढं मिळवायचं तर कित्येकदा अख्खा शंभर ग्रॅमचा बारही पुरणार नाही. शंभर ग्रॅम डार्क चॉकलेट म्हणजे ६०० किलोकॅलरी. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या साडेतीन भाकऱ्या. वर ४२ ग्रॅम स्निग्धांश आणि त्यातला निम्म्याहून जास्त संपृक्त. बीपी दोननं उतरवायला गेलेला माणूस वजन वाढवून बसेल, आणि वजन वाढलं की बीपी उलट चढणार.

सगळ्यात मोठी चाचणी अमेरिकेतली, कॉसमॉस नावाची. तिचे निकाल २०२२ मध्ये आले. एकवीस हजारांवर वयस्कर स्त्री-पुरुष, रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल किंवा दिसायला तशीच रिकामी कॅप्सूल, साडेतीन वर्षांहून जास्त काळ. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरे सगळ्या घटना मिळून १० टक्के कमी दिसल्या, पण तेवढा फरक योगायोगानंही पडू शकतो असं गणितानं सांगितलं. हृदयविकारानं होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. हा आकडा आशा वाढवणारा आहे आणि मला त्याबद्दल खरोखर उत्सुकता आहे. पण ते मृत्यू चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हते, आणि दिलेलं चॉकलेट नव्हतं, कॅप्सूल होती: ना साखर, ना बटर. या चाचणीला मार्स या चॉकलेट कंपनीचंही अर्थसाहाय्य होतं. त्यानं निकाल खोटा ठरत नाही, पण बातमी वाचताना ही गोष्ट माहीत असावी.

मधुमेहाबद्दलही एक मोठी पाहणी २०२४ च्या शेवटी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांकडे कित्येक वर्षं पाहून मांडलेलं गणित. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका २१ टक्क्यांनी कमी आढळला. मिल्क चॉकलेट खाणाऱ्यांत असा फायदा दिसला नाही, वजन मात्र वाढलेलं दिसलं. ही पाहणी होती, चाचणी नव्हती. डार्क चॉकलेट आवडीनं खाणारा माणूस बाकीचं जेवणही विचारानं जेवत असण्याची शक्यता असते. गणितानं तो फरक बराच वजा करता येतो, पूर्ण नाही. आणि ही माणसं आधी मधुमेह नसलेली होती. ज्यांना आहे त्यांनी 'मधुमेहावर चॉकलेट चालतं' असा अर्थ यातून काढू नये.

असल्या बातम्या कशा वाचाव्यात यासाठी एक खरी हकिकत. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकारानं जर्मनीत काही जणांबरोबर मिळून एक प्रयोग केला. पंधरा माणसं, तीन आठवडे, तीन गट. एका गटाला कमी कर्बोदकांच्या जेवणासोबत रोज कडू चॉकलेट. प्रत्येकाचं वजन, कोलेस्टेरॉल, झोप असं १८ बाबतींत मोजमाप. चॉकलेटच्या गटाचं वजन जास्त वेगानं उतरलं, असं त्यांनी एका नियतकालिकात पैसे भरून छापून आणलं. बातमी कित्येक देशांत छापून आली. मग त्यांनी स्वतःच जाहीर केलं की हा सापळा होता. इतकी थोडी माणसं आणि इतकी मोजमापं घेतली की कशात ना कशात फरक दिसण्याची शक्यता मोठी. पंधरा क्रेट घ्या आणि प्रत्येकात रंग, गोडी, दाण्याची लांबी, देठ, वजन असं अठरा प्रकारे मोजा. तुम्ही देवाला नारळ फोडून भरलेले क्रेट इतरांपेक्षा कशात ना कशात सरस निघण्याचा संभव मोठा. बातमी पसरली जगभर, खुलासा पोचला थोड्यांपर्यंत. आपल्या मोबाइलवर अजून फिरतंय ते पहिलंच.

वाळवणावरची धूळ

तोट्यांबद्दल बोलताना सगळे साखर आणि वजनापाशी थांबतात. मला जास्त काळजी वाटते ती शिसं आणि कॅडमियम या दोन धातूंची.

अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेनं २०२२ च्या डिसेंबरात २८ डार्क चॉकलेटं तपासली. रोज २८ ग्रॅम खाल्लं तर त्यातली २३ चॉकलेटं शिसं किंवा कॅडमियमची कॅलिफोर्नियानं घातलेली मर्यादा ओलांडतील, असं निघालं. कॅलिफोर्नियाची मर्यादा फार कडक आहे, हे लक्षात ठेवावं. घाबरून डबा फेकायची गरज नाही. पण हे धातू येतात कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे.

कॅडमियम मातीतून मुळावाटे बीमध्येच चढतं. त्याला धुऊन काढता येत नाही. शिशाची वाट वेगळी आहे. झाडावरच्या बीमध्ये ते फारसं नसतं. आंबवलेल्या बिया उघड्यावर वाळत पडतात तेव्हा रस्त्याकडची धूळ त्यांच्यावर बसते आणि शिसं टरफलाला चिकटतं. आपण बेदाण्याच्या शेडला चारही बाजूंनी जाळी का लावतो? हळद शिजवून वाळत घातली की तिच्याशेजारून ट्रॅक्टर गेला तर आजी का ओरडायची? कोको पिकवणारा शेतकरीही आपल्यासारखाच. ताडपत्री, जाळी, चांगली जागा मिळाली तर तोही माल जपेल.

धातू कोकोच्या भागातून येतात, साखरेतून नाही. म्हणून टक्का जितका जास्त, तितका यांचा अंशही जास्त असण्याचा संभव. साखर कमी करायला ८५ टक्क्यांचा बार घेतला तर ही बाजू थोडी जड होते. मोठ्या माणसानं आठवड्यातून तीन-चार दिवस छोटा तुकडा खाल्ला तर चिंतेचं कारण नाही. गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी मात्र रोज खाऊ नये. शिशाची सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेला अजून ठरवता आलेली नाही. मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि त्यातलं निम्मं निघायलाही दहा वर्षांहून जास्त काळ लागतो. ज्यांची मूत्रपिंडं आधीच थकलेली आहेत त्यांनी हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. त्यांना त्यातलं पोटॅशियमही जड जातं.

आणखी कुणी जपावं

मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी, कारण कोकोत ऑक्झलेट, म्हणजे ज्याचे खडे होतात ते द्रव्य, भरपूर असतं. रात्री छातीत जळजळ होणाऱ्यांनी, कारण कोकोतलं थिओब्रोमिन नावाचं कॅफीनसारखं द्रव्य अन्ननलिकेच्या खालचं झाकण सैल करतं. अर्धशिशीवाल्यांपैकी काहींना ते सोसत नाही. स्वतःच चार-सहा वेळा टिपून ठेवून पाहावं. झोप उथळ असेल तर संध्याकाळनंतर नको. २० ग्रॅम तुकड्यात कॅफीन चहाच्या कपापेक्षा कमीच असतं, पण थिओब्रोमिन बरंच असतं आणि तेही थोडं जागवतं.

रक्त कमी असलेल्या मुलींना 'डार्क चॉकलेट खा, लोह वाढेल' असं सांगतात, त्याबद्दल मला फार वाईट वाटतं. शंभर ग्रॅममध्ये लोह १२ मिलिग्रॅमच्या जवळ आहे खरं, पण त्याच चॉकलेटमधली पॉलिफेनॉल द्रव्यं ते लोह आतड्यात शोषू देत नाहीत. जेवणावर लगेच चहा पिऊ नये म्हणतो, त्याचंच हे भावंड. त्या पोरीला लोहाची गोळी हवी, बाजरीची भाकरी हवी, पालेभाजीवर लिंबू हवं.

'शुगर फ्री' डार्क चॉकलेटात साखरेऐवजी बहुतेक वेळा माल्टिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं. त्यानंही रक्तातली साखर थोडी वाढतेच, आणि जास्त खाल्लं तर पोट फुगून जुलाब होतात. मधुमेहींना मी त्यापेक्षा साधा, जास्त टक्क्यांचा, छोटा तुकडा सांगते, आणि तो जेवणाच्या हिशेबात धरून.

शेतावर कुत्रं असेल तर त्याला एक तुकडाही देऊ नका. माणूस थिओब्रोमिन पचवतो, कुत्र्याच्या शरीरात ते फार वेळ साचून राहतं. कडू चॉकलेटात ते जास्त असतं, म्हणून धोकाही जास्त. उलट्या, थरथर, हृदयाचे ठोके वाढणं, आणि कधी कधी जीवही जातो. मामांच्या शेडवर राखणीला मोत्या आहे, म्हणून हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

मग मामांनी किती खावं? मी त्यांना २० ग्रॅमची मर्यादा दिली, आठवड्यातून तीन-चार दिवस, दुपारच्या जेवणानंतर. त्यात सव्वाशेच्या आत किलोकॅलरी आणि साधारण चमचाभर साखर. ज्या दिवशी हे, त्या दिवशी चहाबरोबरची बिस्किटं बंद. फायदा व्हायचा असेल तर एवढ्यानं थोडा होईल, नाही झाला तरी नुकसान नाही. मुख्य म्हणजे त्यांना ती चव आवडलीय, आणि आवडीनं खायला मला ते पुरेसं कारण वाटतं. बीपीसाठी गोळी, ताटात लोणचं-पापड कमी आणि पहाटे बागेत अर्धा तास चालणं, हे आता ठरलेलं आहे. मागच्या महिन्यात वरचा आकडा १३४ होता.

एप्रिलच्या मध्यावर त्यांचा फोन आला. सांगलीत पारा चाळीसला टेकलेला, वीज गेलेली. "कपाटातल्या चॉकलेटावर पांढरी बुरशी आलीया. टाकून देऊ?" मी म्हटलं, मामा, बोट घासून बघा. कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास वितळतं. दुपारी पाघळतं, रात्री पुन्हा थिजतं आणि थिजताना पांढरी साय होऊन वर येतं. बोटाच्या उबेनं ती साय वितळून पुसली गेली तर ते बटरच. बुरशी असती तर लव दिसली असती, कुबट वास आला असता आणि चोळल्यावर ती विरघळली नसती.

थोडा वेळ फोनवर नुसती कपाटाची कुरकुर ऐकू आली. मग मामा म्हणाले, "पुसली गेली गं. चमकतंय आता."